एका पायरीच्या दोन पायऱ्या

औंढा नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. तेथे उतरताना मला एका पायरीच्या दोन दिसतात. कोणती खरी, हे पाऊलच चाचपून ठरवते. माझे डोळे मात्र पाहणाऱ्याला निरोगी वाटतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणाला इजा करते. दोन्ही डोळ्यांची हालचाल जुळवणारा मार्ग दुखावला, की प्रतिमा दोन होतात. एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होते. मोतीबिंदूमुळे दिसणारी दुहेरी प्रतिमा मात्र बहुधा एका डोळ्यानेही दिसत राहते. ज्येष्ठांनी हा भेद ध्यानात ठेवावा. दुहेरी दिसणे अचानक सुरू झाले, सोबत बोलणे अडखळले किंवा तोल गेला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तो पक्षाघातही असू शकतो.

हिंगोलीचा उन्हाळा आम्हां रुग्णांना जड जातो. अंग तापले की दृष्टी अधिक बिघडते, निवल्यावर बहुधा पूर्ववत होते. शारीरिक श्रमानंतर दृष्टी अशी तात्पुरती बिघडते, हे उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवले होते. म्हणून बाहेरची कामे मी सकाळीच उरकतो. वाचताना एका डोळ्यावर पट्टी बांधतो. काहींना प्रिझमचा चष्माही उपयोगी पडतो.

घरच्यांनी पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवल्या आहेत. पेला पुढे न धरता ते थेट हातात देतात. प्रत्येक वेळी दंड धरण्याची गरज नसते. “पुढे पायरी आहे,” एवढे शब्द पुरतात. त्या शब्दांनी आधार मिळतो आणि मानही राहतो.