पद्मिनीचे इंजिन आणि अण्णांचा कान

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. प्रवेशाच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ अशी एक ओळ असते. त्या ओळीत मी पहिल्या वर्षी ‘खाजगी नोकरी’ असे लिहिले आणि दुसऱ्या वर्षीही तेच. खरे म्हणजे आमचे अण्णा मोटारमिस्त्री आहेत. होटगी रोडच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे गॅरेज आहे. त्यांच्या नखांतले काळे ऑइल लग्नसमारंभालाही निघत नाही. अर्जावर लिहिताना मला ती नखेच आठवली आणि पेन अडले. आज या अंकाच्या निमित्ताने ते कबूल करतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गॅरेजमध्ये एक प्रीमियर पद्मिनी आली. एका निवृत्त गुरुजींची. कित्येक महिने अंगणात उभी होती, म्हणून दोरी बांधून ओढत आणलेली. तिला पाहताच अण्णांचा चेहरा माहेरचे माणूस भेटल्यासारखा झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले, तेव्हा त्यांनी पहिला पाना लावला तो पद्मिनीलाच.

दोन दिवसांत त्यांनी कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, प्लग बदलले. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. पण अण्णा बॉनेटवर वाकून नुसतेच उभे राहिले. मग मला हाक मारली. हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि म्हणाले, “टोक इंजिनवर ठेव, मूठ कानाला लाव. काय म्हणलालंय बघ.”

मी म्हटले, “तुम्हीच ऐका की.”

“उजव्या कानानं आता नीट येत नाही रे,” ते म्हणाले, आणि लगेच दुसरीकडे बघू लागले. पस्तीस-छत्तीस वर्षे इंजिनांच्या गदारोळात उभ्या राहिलेल्या माणसाचे हे बोलणे मी प्रथमच ऐकत होतो. आईलाही ते ठाऊक नव्हते.

मी कान लावला. आत टक्‌टक्‌ असा बारीक आवाज येत होता. अण्णा एकेका सिलिंडरवर बोट ठेवून विचारीत आणि मी ‘हो’, ‘नाही’ म्हणत असे. तिसऱ्यावर आवाज मोठा होता. इंजिन थंड झाल्यावर त्यांनी झाकण उघडले, फटीत पातळ पत्ती सरकवली आणि टॅपेट बसवले. मला वाटले, आवाज पार बंद करतील. पण थोडा आवाज त्यांनी मुद्दाम राहू दिला. “टॅपेट वाजलं तर चालतं,” ते म्हणाले, “फार घट्ट केलं तर वाजत नाही, पण व्हॉल्व्ह जळतो.” कारण असे की धातू तापला की फुगतो. फट ठेवली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि स्फोटाची आग त्याच्या कडेवरून जात राहते.

त्या रात्रीपासून या इंजिनाने मला पछाडले. सुट्टी संपल्यावर मी कॉलेजच्या ग्रंथालयात शोध सुरू केला, आणि शोधता शोधता आमच्याच गावात येऊन पोहोचलो! कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पद्मिनी तयार झाली, तिचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. त्यांचे नाव आपण कॉलेजच्या पाट्यांवर रोज वाचतो; पण पाटीमागचा माणूस मला माहीत नव्हता. ते कॉलेजात गेले, पण पदवी न घेताच धंद्यात पडले. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर रेल्वेची कंत्राटे घेतली; बार्शी लाइट रेल्वेचे काम हे त्यांतले सुरुवातीचे. पुढे १९१९ साली सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियरची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या होत्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या अमेरिकन घराण्यांतल्या.

येथे एक गंमत आहे. त्याच क्रायस्लरने पुढे अमेरिकेत १९६६ साली ‘हेमी’ नावाचे आठ सिलिंडरचे इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत बसवले. आकार सात लिटर, ताकद ४२५ अश्वशक्ती. त्याआधी १९६४ मध्ये पाँटिॲक जी. टी. ओ. ही गाडी ३२५ अश्वशक्ती घेऊन आली होती. या पिढीला तिकडे ‘मसल कार’, म्हणजे पैलवान गाड्या, म्हणतात. पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि तरुणांच्या खिशात पैसा, असा तो काळ. विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे नवे कायदे आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी पैलवानांना आखाड्याबाहेर काढले.

आपल्याकडे मात्र कुर्ल्याने इटलीच्या फियाटचा हात धरला. १९५४ पासून फियाट ११०० आली. तिच्या गोल पाठीमुळे लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये डिलाइट आली. तीच गाडी पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीचे नाव घेऊन पद्मिनी झाली. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सी. सी., ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. पैलवानाच्या आठव्या हिश्शाइतकी! पण तेवढ्यावर तिने मुंबईची टॅक्सी चालवली, डॉक्टरांना खेड्यापाड्यांत नेले, एकेका कुटुंबाला सामानसुमानासह तुळजापूर-अक्कलकोट घडवले. अण्णांच्या मते तिचा एकच रुसवा. वरचे हेड ॲल्युमिनियमचे. सोलापूरच्या उन्हात पाणी आटले आणि चालवणारा थांबला नाही, की हेड वाकलेच. १९८३ मध्ये मारुती आली आणि पद्मिनीचे दिवस भरत गेले. २००० च्या सुमारास ती बनायची थांबली. मुंबईतील शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

हे सगळे मी एका रात्री जेवताना अण्णांना सांगितले. वालचंद शेठजी सोलापूरचे, हे ऐकताच त्यांचा घास हातातच राहिला. सारा जन्म ज्या गाडीवर काढला, तिचा मूळपुरुष आपल्याच गावचा, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “मग कारखाना कुर्ल्याला कशाला काढला? इथं काढला असता तर गिरण्या बंद पडल्यावर पोरं पुण्याला तरी गेली नसती.” माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. इतिहासाच्या पुस्तकातही मला ते सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हणून गळ घातली. “गिऱ्हाइकाला कळलं तर गाडी आणील का कोण?” एवढेच ते बोलले. माझी लाज नखांची होती, त्यांची कानाची. दोघेही आपापले टॅपेट घट्ट आवळून बसलो होतो. शेवटी मी अर्जाची गोष्ट त्यांना सांगून टाकली. ते रागावतील असे वाटले होते. पण ते हातांकडे पाहून हसले आणि शनिवारी डॉक्टरांकडे यायला कबूल झाले.

आता जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरायचा आहे. परवा सहज विचारले, “अण्णा, ‘मोटार मेकॅनिक’ लिहू ना?”

“मिस्त्री लिही,” ते म्हणाले. “मेकॅनिक काय, आजकाल कोणीपण असतंय.”

– द्वितीय वर्ष, कला शाखा