वाळू भरलेला पाईप

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा एक जुनी जीप घेऊन घरी आला. तीन दोस्तांनी पैसे जमवून घेतलेली. पत्रा जागोजागी गंजानं खाल्लेला, मागं समोरासमोर दोन बाक, वर ताडपत्रीचा हूड. आमची गल्ली शहागंजच्या मागची, शहराचं नाव बदलायच्या कितीतरी आधीची. ही जीप उभी राहिली की दूधवाल्याला मोटारसायकलवरून उतरून ती ढकलत न्यावी लागते. पोरांचा बेत असा की रविवारी म्हैसमाळकडे, दौलताबादच्या मागच्या डोंगरांत कच्च्या रस्त्यानं गाडी घालायची. आणि त्यासाठी गाडीला रोल बार पाहिजे.

रोल बार म्हणजे सीटच्या पाठीमागं उभी केलेली पोलादी पाईपची कमान. गाडी उलटली तर तिचं वजन या कमानीवर यावं, माणसांच्या डोक्यावर येऊ नये, एवढंच तिचं काम. पोरं एका दुकानात विचारून आली, भाव ऐकून गप्प झाली. मग रात्रभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि सकाळी दीड इंची पाईपची वीस फुटी लांबी खांद्यावर घालून भाचा माझ्या अब्बांसमोर हजर.

“नाना, घर मेंच मोडते अपन.”

अब्बांचं वय आता बहात्तर. अर्धी उमर वाळूज एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत वेल्डिंग करण्यात गेली, उरलेली आमच्या अंगणातल्या शेडमध्ये. गेट, ग्रिल, पलंग, दवाखान्याच्या खाटा. पाईप वाकवणं ही त्यांची खासियत. मोहल्ल्यातल्या कितीतरी जिन्यांचे कठडे त्यांच्या हातचे आहेत. एका मशिदीच्या वजूखान्यावरच्या पत्र्याच्या कमानीसुद्धा. अब्बांनी पाईपवर नखानं टकटक केलं, आवाज ऐकला आणि विचारलं, “किसके वास्ते? दिखाने को, या बचाने को?”

भाचा हसून म्हणाला, “दोनों.”

अब्बा हसले नाहीत. ते का हसले नाहीत ते मला माहीत होतं, भाच्याला नव्हतं.

१९९६ ची गोष्ट. माझे चाचा तेव्हा फुलंब्री-सिल्लोड रस्त्यावर जीप चालवायचे. एसटी भरून निघून गेली की लोकांना या जीपचाच आधार. नऊ माणसांच्या जागेत पंधरा बसायची, दोघं-तिघं मागं लटकायची. चाचांच्या जीपच्या हुडाच्या कमानी अब्बांनी वाकवल्या होत्या. एक इंची, सोळा गेजचा पाईप, म्हणजे खुर्च्यांना वापरतात तो. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. ताडपत्रीला याहून जास्त कशाला लागतं? पण लटकणारी माणसं त्याच कमानीला धरून उभी राहायची, आणि हाताला लोखंड लागलं की माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत.

पावसाळ्यात चौक्याच्या घाटात जीप उलटली. चाचा वाचले. मागच्या बाकावरचा एक पोरगा गेला. अठरा-एकोणीसचा असेल, शहरात कामाला यायचा. दुसऱ्या दिवशी अब्बा मला घेऊन जीप बघायला गेले. पोलिसांनी ती उचलून अंगणात उभी केली होती. तिन्ही कमानी बाकावर आडव्या झाल्या होत्या, ओल्या पुठ्ठ्यासारख्या. अब्बांनी खिशातून टेप काढला आणि बाकापासून कमानीपर्यंत अंतर मोजलं. सात इंच. कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी बोल लावला नाही, पोराच्या घरच्यांनीही नाही. त्यांना कमानी कुणी वाकवल्या हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यानंतर अब्बांनी गाडीसाठी पाईप कधी वाकवला नाही. विचारायला येणाऱ्याला म्हणायचे, साचा मोडलाय.

साचा मोडला नव्हता. तो शेडच्या पत्र्यावर पालथा पडून होता: जुन्या बजाज स्कूटरची दहा इंची रिम, जाड प्लेटवर वेल्ड केलेली. भाच्याच्या हट्टापायी तो पंचवीस-सव्वीस वर्षांनी खाली उतरला. पण अब्बांनी शर्त घातली. वाकवून दाखवतो, गाडीला लावणार नाही.

जुम्म्याची नमाज झाल्यावर काम सुरू झालं. पहिली गोष्ट रेती. पोकळ पाईप नुसता वाकवला की वळणावर बसतो, पिचतो, म्हणून त्याच्या पोटात रेती ठासून भरतात. ती आधी चाळली, मग जुन्या पत्र्यावर पसरून खाली जाळ करून कोरडी ठक्क भाजली. ओली रेती अब्बा खपवून घेत नाहीत. दोन्ही टोकं बंद केलेल्या पाईपमध्ये ओल राहिली तर तापल्यावर तिची वाफ होते, आणि लाकडाची गुट्टी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. त्यांच्या डाव्या भुवईवरचा व्रण अशाच एका गुट्टीचा आहे.

पाईप काळा आहे की जस्ताचा, हेही त्यांनी घासून बघितलं. गॅल्व्हनाइज्ड पाईप भट्टीत घातला की पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जुन्या वेल्डरांना हा ताप चांगला ओळखीचा आहे. त्यावर दूध प्या, गूळ खा असले इलाज सांगतात, धूर टाळा असं फार कमी लोक सांगतात.

एक टोक गुट्टीनं बंद करून पाईप भिंतीला उभा केला. मी शिडीवरून रेती ओतायची आणि भाच्यानं खालून हातोडीनं ठोकत राहायचं. रेती बसत जाते तसा आवाज बदलतो, आधी टणटण, मग जड, मग भद्द. “अबी बोलरा,” अब्बा सांगायचे. म्हणजे पाईप अजून पोकळ वाजतोय, ठोका. पाऊण तास गेला. भाच्याच्या व्हिडिओत हे सगळं वीस सेकंदांत उरकलं होतं.

मग मापं. नव्वद अंशाच्या वळणात त्रिज्येच्या दीडपटीहून जरा जास्त पाईप जातो. त्रिज्या सहा इंच तर साडेनऊ इंचाला थोडा कमी. तेवढ्यावर खडूच्या दोन रेघा. पाईपच्या अंगावर एक बारीक उभी शिवण असते, सपाट पट्टी गोल करून कडा विजेनं जोडल्याची. ही शिवण वळणाच्या बाहेर आली तर ताणते, आत आली तर दबते. ती कुशीवर ठेवायची, जिथं ताण आणि दाब दोन्ही नसतात. हे अब्बांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. शिवण उकललेले पाईप बघून ते शिकले.

भट्टीत पाईप गाजरासारखा लाल झाला. साच्यात अडकवून, टोकावर लांब पाईपचा दांडा चढवून आम्ही दोघांनी ओढला. अब्बा हातात पाण्याचा मग घेऊन उभे. एखादी जागा जास्त वाकायला लागली की तिथं पाण्याचा सपकारा मारायचा. ती जागा गार होऊन आखडते आणि वळण पुढं सरकतं. तीन मिनिटांचं काम, पण त्या तीन मिनिटांत माझे वडील चाळिशीतले दिसत होते.

वळण देखणं आलं. शेजारचे चाचा भिंतीवरून म्हणाले, “माशाअल्लाह, फॅक्टरी का माल लगता.” भाच्यानं लगेच फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी रेती काढल्यावर अब्बांनी व्हर्निअर मागवलं. पाईपचा बाहेरचा व्यास सरळ भागात ४८ मिलिमीटरच्या वर. वळणावर एकीकडून ५०, दुसरीकडून ४३. डोळ्याला गोल दिसणारा पाईप अंड्यासारखा झाला होता. मग त्यांनी ग्राइंडर घेतला आणि ते देखणं वळण मधोमध उभं चिरलं. भाचा “नाना!” म्हणून ओरडला, तोवर ठिणग्या उडत होत्या.

सरळ भागात जाडी ३.२. वळणाच्या बाहेरच्या बाजूला अडीच, आणि जिथं आच जास्त लागली होती तिथं २.३. आतल्या बाजूला जाडी वाढलेली, आणि बोट फिरवलं की लागणारी एक लाट. वाकवताना लोखंड कमी-जास्त होत नाही, आतली बाजू दबून जाड होते. बाहेरची बाजू ताणून पातळ होते. यातलं थोडंफार टळतच नाही, या त्रिज्येला सहा-सातातला एक भाग जाणारच. पण हाताच्या कामात ते कुठं किती जाईल हे चिरल्याशिवाय कळत नाही, आणि चिरलेला पाईप गाडीला लावता येत नाही.

त्या रात्री मी एफआयएचे, म्हणजे जागतिक मोटार स्पर्धांच्या संघटनेचे नियम उघडून बसलो. मुख्य कमानीला सीमलेस पाईप पाहिजे, बिनजोड, थंडा ओढलेला. व्यास ४५ आणि जाडी अडीच मिलिमीटर, किंवा ५० आणि दोन. वळणाची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वळणावर पाईप चपटा झाला तर लहान व्यास मोठ्याच्या नऊ-दशांशाहून कमी नसावा. आणि पाईप थंडाच वाकवायचा.

भाचा म्हणाला, “मामू, ये तो अपने से पतला है!” खरंच होतं. पण थंडा ओढल्यानं त्या पाईपच्या अंगात जी ताकद येते, ती लाल तापवला की निघून जाते. मग त्याच्यात आणि नळाच्या पाईपात फारसा फरक राहत नाही. म्हणून भट्टी वर्ज्य. थंडा पाईप वाकवून सोडला की दोन-तीन अंश परत उलगडतो, तेवढा आधीच जास्त वाकवावा लागतो, आणि चपटा होऊ नये म्हणून पोटात आधाराचा दांडा सरकवणारं मशीन लागतं. नळकामाचा हातपंपाचा बेंडर त्यासाठी नव्हे.

म्हणजे रेती, भट्टी, पाण्याचा मग, सगळा हुन्नर एका ओळीत बाद. मला वाटलं अब्बांना वाईट वाटेल. ते म्हणाले, “बराबर लिक्खे.” आणि आमच्या वळणाचा भागाकार करायला लावला. ४३ भागिले ५०. ०.८६. नापास.

पुढचं काम पायांचं. कमान कितीही मजबूत असो, ती उभी कशावर? त्याच नियमांत प्रत्येक पायाखाली तीन मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी प्लेट सांगितली आहे, शिवाय ८ मिलिमीटरचे किमान तीन हायटेन्साइल बोल्ट. अब्बांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन जीपच्या तळाच्या पत्र्यावर टेकवला आणि तळहातानं दाबला. तो आरपार गेला. अशा पत्र्यावर उभी केलेली कमान उलटताना खाली घुसणार, चिखलात काठी घुसावी तशी.

शिवाय सीटबेल्ट. त्या जीपला एकही नव्हता. बेल्ट नसेल तर उलटताना माणूस कमानीच्या आत राहत नाही, आणि राहिलाच तर त्याचं डोकं त्याच पाईपवर आपटतं. पोरांच्या यादीत कमानीवर लावायचे चार दिवे होते, बेल्ट नव्हते. कायद्याचंही आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे आणखी ठासून सांगितलं. पण खरं सांगू, कायद्याचा मुद्दा पोरांनी कानावरून जाऊ दिला. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तेव्हा मात्र तिघंही गप्प होते.

मला मात्र राहून राहून ट्रॅक्टर आठवत होते. आपल्याकडं उसाच्या हंगामात ट्रॅक्टर उलटून चालक दबल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना अशी चौकट सक्तीची केली, आणि तिथं उलटून मरणारे चालक पुढं झपाट्यानं कमी झाले. तिथली चौकट तपासून, वजन आदळून पास केलेली असते. आपण ट्रॅक्टरवर पाईप वाकवतो तो सावलीसाठी आणि टेप लावण्यासाठी. चाचांच्या जीपवर वाकवला होता ताडपत्रीसाठी.

ती १९९६ ची गोष्ट भाच्याला अब्बांनी त्याच रात्री सांगितली. मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकली. सात इंचावर येऊन ते थांबले, आणि अम्मीला चहा टाकायला सांगितला.

पोरं आता सीमलेस पाईप आणि थंडं वाकवून देणारं मशीन शोधताहेत. वाळूजमध्ये एकानं हो म्हटलंय, पण पैसे अजून जमलेले नाहीत. आधी तळाचा पत्रा बदलायचाय, मग बेल्ट, कमान सगळ्यांत शेवटी. म्हैसमाळ तूर्त डांबरी रस्त्यानं, पुढं दोघं बसून. मागचे दोन्ही बाक अब्बांनी पाना घेऊन स्वतः खोलले. एक शेडमध्ये आहे, दुसरा ओट्यावर ठेवलाय. दुपारी शेजारचे चाचा त्याच्यावर येऊन बसतात.