केळं गेलं, टोमॅटो आला

मुलांनो, वेस्ट इंडीज म्हटलं की तुम्हाला क्रिकेट आठवतं. ब्रायन लाराचं नाव आठवतं. पण त्या समुद्रातल्या बेटांवरची माणसं जेवतात काय, हे कधी मनात आलंय? तिथल्या पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये 'पास्तेलोन' नावाचा पदार्थ करतात. भाजीच्या मोठ्या केळ्यांचा थर, त्यावर मसालेदार खिमा, वर पुन्हा केळी, आणि सगळं भट्टीत भाजायचं. एक तुकडा खाल्ला की पोट भरलंच!

आमच्याकडे भट्टी नाही, घरात खिमाही चालत नाही. पण परसात केळीचा घड लागला होता. म्हटलं, आपल्या पद्धतीने करू या. चार कच्ची केळी सालासकट कुकरमध्ये उकडली. सोलून कुस्करली, त्यात मीठ, हळद आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं. मोड आलेल्या मटकीची कांदा, टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची घालून कोरडी उसळ केली. जाड बुडाच्या कढईला तेल लावून निम्मी केळी थापली, त्यावर उसळ आणि शेंगदाण्याचं कूट, वर उरलेली केळी. झाकण ठेवून कढई तव्यावर ठेवली आणि मंद आचेवर अर्धा तास विसरून गेले. खालची बाजू मस्त खरपूस झाली. (तुम्ही कराल तेव्हा कुकर आणि गॅसजवळ मोठं माणूस हवंच बरं का!)

सासूबाईंनी वडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "हे कसलं परदेशी? आपल्या मासवडीचं थोरलं भावंड आहे हे!"

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शाळेत गेले. मुलांना विचारलं, "टोमॅटो कुठला रे?"

"नारायणगावचा!"

"आणि बटाटा?"

"सातगाव पठारावरचा!"

जुन्नर-आंबेगावची मुलं ती, दुसरं काय सांगणार? मग मी जगाचा नकाशा लावला. टोमॅटो, बटाटा, मिरची, शेंगदाणा, मका हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ साली भारतात पोहोचला, त्यानंतरच्या काळात ही पिकं जहाजांतून इकडे आली. केळ्याचा प्रवास उलटा. त्याचं मूळ घर न्यू गिनी आणि आग्नेय आशियाकडे. तिथून ते आपल्याकडे आलं, आफ्रिकेत गेलं. १५१६ साली तोमास दे बेर्लांगा या स्पॅनिश धर्मोपदेशकाने केळीची रोपं कॅरिबियन बेटावर नेली. पुढे आफ्रिकेतून गुलाम म्हणून जबरदस्तीने नेलेल्या माणसांचं ते रोजचं पोटभरीचं अन्न झालं.

हा धडा मी मुद्दाम घेतला होता. टोमॅटोच्या तोडणीसाठी बाहेरगावहून आलेल्या एका कुटुंबातली मुलगी नुकतीच वर्गात आली होती. "तू इथली नाहीस," असं कुणीतरी तिला म्हणालं होतं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून जेवायची.

नकाशाकडे बघत तिने हळूच विचारलं, "बाई, मग टोमॅटोलासुद्धा आधी बाहेरचाच म्हणाले असतील ना?"

वर्ग गप्प झाला. मी काही बोलायच्या आधीच पुढच्या बसकरपट्टीवरच्या दोघी सरकल्या आणि त्यांनी मधे जागा केली. डबा संपायला पाच मिनिटंही लागली नाहीत!

तुमच्याही वर्गात असं कुणी हंगामापुरतं येत असेल. जेवायच्या सुट्टीत त्याला आधी हाक मारा. त्याच्या घरी काय शिजतं तेही विचारा, एखादा नवा पदार्थ कळेल.

तोडणी संपली, तशी ती मुलगी आईवडिलांबरोबर गेली. हजेरीत तिचं नाव आलं की मुलं सांगतात, "गावाला गेलीय, बाई." परवा एकाने पुढे जोडलं, "पण येणार आहे. तिची जागा ठेवलीय आम्ही."