अक्षय्य कोण?

आमच्या गच्चीवर सौरघटांचीं तावदानें बसलीं त्या दिवशीं, "आतां ही वीज अक्षय्य!" असें आम्हीं शेजाऱ्यांस मोठ्या ऐटींत सांगितलें. चैत्र सरला आणि वीज बरीच घटली. दोष सूर्याचा म्हणावा, तर ऊन रणरणत होतें. गच्चीवर जाऊन पाहतों तों तावदानांवर बोटानें नांव लिहितां येईल एवढी धूळ!

सिलिकॉनवर प्रकाश पडला कीं त्यांतील इलेक्ट्रॉन मोकळे होऊन वीज वाहूं लागते. धूर नाहीं, राख नाहीं. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें दाखविलेला सिलिकॉनचा घट सुमारें ६ टक्के प्रकाशच विजेंत बदलीत असे; आजचीं चांगलीं तावदानें २० टक्क्यांहून अधिक बदलतात. पण वाचकहो, १९५८ सालीं सोडलेला व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह पाहा. सौरघटांच्या बळावर संदेश धाडणारा तो नारळाएवढा गोल १९६४ सालीं मुका झाला. तो अजूनहि पृथ्वीभोंवतीं फिरतो आहे, आणि सूर्य त्यावर पूर्वींप्रमाणेंच तळपतो आहे.

देणारा थकत नाहीं. घेणाऱ्याचें भांडें मात्र झिजतें आणि मळतें. आमची ऐट आम्हीं मुकाट्यानें गिळली, बादली भरली, व फडकें घेऊन जिना चढलों.