शंभरातली तीन मुलं

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या आम्हा भूलतज्ज्ञांचा दिवस आकडे सावरण्यात जातो. रक्तदाब पडला की सलाईन वाढवायचं, ऑक्सिजन उतरला की व्हेंटिलेटरची सेटिंग बदलायची, साखर चढली की इन्सुलिन सुरू करायचं. आकडा जागेवर आला की हायसं वाटतं, आणि बाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना आम्ही ‘आता जरा बरं आहे’ असं सांगतो. त्या सांगण्यात आम्ही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे आकडा सुधारला की पेशंटही सुधारला. गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या क्षेत्रातल्या संशोधनाने हे गृहीतक इतक्या वेळा खोटं ठरवलं आहे की उपचार एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, अशी वाटणी मला आता मान्य होत नाही.

फुप्फुसं सुजून ताठर होतात त्या एआरडीएसचंच पाहा. 2000 साली अमेरिकेतल्या 861 पेशंटांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे एका गटाला 12 मिलिलिटरचा श्वास दिला होता, दुसऱ्याला 6 चा. सुरुवातीच्या दिवसांत मोठ्या श्वासाच्या गटातला ऑक्सिजन अधिक चांगला होता, आणि मृत्यूही त्याच गटात अधिक झाले: जवळजवळ 40 टक्के. छोट्या श्वासाच्या गटात ते 31 टक्के होते. ऑक्सिजन चढत होता, पण आधीच दुखावलेलं फुप्फुस प्रत्येक श्वासाला ताणलं जात होतं. मॉनिटरवर यातला फक्त ऑक्सिजन दिसतो.

मला याहून अस्वस्थ करते ती केनिया, युगांडा आणि टांझानियातली फीस्ट ही चाचणी. तिचे निष्कर्ष 2011 साली आले. तीव्र ताप, हातपाय गार, रक्ताभिसरण मंदावलेलं, अशी तीन हजारांहून अधिक मुलं तिच्यात होती. अशा मुलाला भराभर सलाईन द्यायचं, म्हणजे बोलस द्यायचा, हे पाठ्यपुस्तकांनी इतकं पक्कं केलं होतं की तो न देणं हाच हलगर्जीपणा वाटावा. केनियातल्या किलीफीच्या संशोधक कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले: सलाईनचा बोलस, अल्ब्युमिनचा बोलस आणि बोलस नाही. 48 तासांत बोलसच्या दोन्ही गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली, बोलस न दिलेल्या गटात 7.3 टक्के. देखरेख समितीच्या सल्ल्यावरून चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पुढच्या विश्लेषणात दिसलं, की तासाभराने शॉकमधून बाहेर आलेली मुलं बोलसच्या गटांतच जास्त होती. खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला गुण आलेला दिसत होता आणि तो खरोखरच आला होता. जास्तीची मुलं गेली ती नंतर, आणि बहुतांशी फुप्फुसांत पाणी भरून नव्हे, तर रक्ताभिसरण कोसळून.

अनुभवी डॉक्टरची नजर हे ओळखणार नाही का, असं विचारलं जातं. त्या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बोलस न देताही शंभरातली सात मुलं जाणारच होती, बोलसमुळे आणखी तीन गेली. ही तीन कोणती, हे कुठल्याही डॉक्टरला, कितीही वर्षांच्या अनुभवानंतर, खाटेजवळ उभं राहून सांगता येणार नाही. दुसरा आक्षेप असा, की सरासरी म्हणजे समोरचं मूल नव्हे. तो खराच आहे, म्हणून चाचणी कुणावर झाली हे नीट वाचायला हवं. फीस्टमध्ये जुलाबाने सुकलेली मुलं घेतलीच नव्हती, त्यामुळे त्यांचं सलाईन तिचा दाखला देऊन कुणी रोखू नये. पण जी मुलं घेतली होती त्यांच्यात मलेरिया असो-नसो, रक्त कमी असो वा पुरेसं, बोलसने भलं झालेला पोटगट सापडला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप नीतीचा आहे. मरणाच्या दारातल्या मुलासाठी चिठ्ठी टाकायची आणि भेदरलेल्या आईकडून संमती घ्यायची, हे पटत नाही. फीस्टमध्ये अशा पालकांचा आधी थोडक्यात तोंडी होकार घेतला, सविस्तर माहिती आणि लेखी संमती मुलाची प्रकृती सावरल्यावर. जे मूल सावरलंच नाही, त्याच्या पालकांचा प्रश्न यातून सुटत नाही, आणि तो सुटला असं मी म्हणणार नाही. पण चाचणीपूर्वी हाच बोलस असंख्य मुलांना कुणाच्याही संमतीशिवाय दिला जात होता, कारण तो ‘उपचार’ होता. चाचणीचा धोका आपण मोजतो, रुळलेल्या उपचाराचा मोजत नाही. मला ही विषमता अधिक अन्यायाची वाटते.

म्हणूनच आपल्याकडच्या संशोधनात आधी काय मोजायचं ते ठरलं पाहिजे. रक्तदाब किती तासांत सावरला यावर प्रबंध लवकर पुरा होतो. पेशंट नव्वदाव्या दिवशी जिवंत आहे का, चालतो का, कामावर गेला का, हे विचारायला पैसा आणि माणसं लागतात. त्यात आपल्याकडे पैसे संपले म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या बोलीत ‘डामा’ घेऊन, घरी नेले जाणारे पेशंट आहेत. रुग्णालयातल्या मृत्यूंत त्यांची नोंद होत नाही, आणि पुढे त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. अशा प्रत्येक घरी फोन करणारा, फोन लागला नाही तर गावच्या आशाताईंकडे चौकशी करणारा एक पगारी माणूस प्रत्येक चाचणीच्या अंदाजपत्रकात असायला हवा. नवं उपकरण त्यानंतर घ्यावं.