रोजचे २७ रुपये ६२ पैसे

धाकट्या भावाला चाकणला नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या रात्रीच त्याचा फोन आला. "ताई, क्रेडिट कार्ड काढतोय. कॅशबॅकवालं. यातलं कोणतं घेऊ?" पाठोपाठ तीन कार्डांचे फोटो आले. तिन्ही जाहिरातींत टक्क्याचा आकडा सगळ्यात ठळक होता. मी म्हटलं, "दोन दिवस थांब. मी तुला माझी जुनी बिलं पाठवते, ती आधी बघ." त्या बिलांबद्दल तोवर घरात फक्त आत्याला माहीत होतं. आईबाबांना आजही पूर्ण माहीत नाही. त्याला पाठवायला बसले आणि त्याच रात्री हे लिहायलाही घेतलं.

मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिलं कार्ड घेतलं. पुण्यात नोकरी लागून दीड वर्ष झालं होतं, पगार ३२,००० रुपये. कर्ज असं आयुष्यात कधी घेतलेलं नव्हतं आणि तीच अडचण ठरली. ज्याने कधी काही उधार घेतलं नाही, त्याच्या परतफेडीची नोंदच नसते, आणि नोंद नसलेल्या माणसाला बँका सहजी कार्ड देत नाहीत. एका ठिकाणी अर्ज नाकारला गेला तेव्हा कारण समजून घ्यायला हवं होतं. मी त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक अर्जाबरोबर बँक आपला क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि त्या मागणीची नोंद रिपोर्टमध्ये राहते. आठ दिवसांत तीन नोंदी म्हणजे या माणसाला पैशाची निकड आहे, असाच अर्थ निघतो. हे मला वर्षभराने कळलं. एखाद्या बँकेत पंधरा-वीस हजारांची एफडी करून तिच्यावर कार्ड घेता येतं, पगार किंवा जुनी नोंद फारशी कोणी विचारत नाही, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या अर्जाला कार्ड मिळालं. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के कॅशबॅक, बाकी खर्चावर १ टक्का. वार्षिक फी ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९ रुपये. वर्षात दोन लाखांचा खर्च केला तर पुढच्या वर्षीची फी माफ. ऑफिसात आलेला प्रतिनिधी भला मुलगा होता, त्याने काही लपवलं असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांसाठी नवे निर्देश काढले होते आणि ते १ जुलैपासून लागू झाले होते. व्याजदर, फी आणि आकार सांगणारं एकपानी पत्रक अर्जासोबत द्यायचं, हे त्यांत आहे. ते पान मला मिळालं होतं. मी ते दुमडून पर्समध्ये टाकलं. फॉर्मवर ऑटो-डेबिटचे दोन चौकोन होते, पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम. त्याने विचारलं, "मॅडम, मिनिमम ठेवू का? लेट फी लागणार नाही." मी हो म्हटलं. माझी सगळ्यात महागडी चूक त्या 'हो'मध्ये आहे.

ऑक्टोबरात दसरा आला. कराडच्या घरचा फ्रिज वर्षभर कुरकुरत होता, आईसाठी नवा घ्यायचा होता. बाबांनी ओळखीच्या दुकानात चौकशी करून ठेवली होती. दुकानदार २३,००० म्हणाला आणि पैसे दोनदा करून दिले तरी चालतील म्हणाला. तोच फ्रिज मला ऑनलाइन २४,००० ला दिसत होता. मी हिशेब केला, ५ टक्के म्हणजे १२०० परत, म्हणजे आपल्याला २२,८०० ला पडला. बाबा म्हणाले, "अगं, माणूस ओळखीचा आहे, उद्या काही बिघडलं तर घरी येईल." दोनशे रुपयांच्या फायद्यासाठी मी त्यांचं ऐकलं नाही.

कॅशबॅक आला ५०० रुपये. ५ टक्क्यांना महिन्याची कमाल मर्यादा होती आणि ती त्याच दुमडलेल्या पानावर छापलेली होती. म्हणजे फ्रिज २३,५०० ला पडला. कराडच्या दुकानापेक्षा पाचशे रुपये महाग.

बिल १५ ऑक्टोबरला निघालं, ३१,६४० रुपये. पैसे भरायची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर. त्या दिवशी खात्यातून १५८२ रुपये कापले गेले, पाच टक्के किमान रक्कम. मेसेज मी वाचला. मला कळलं होतं की पूर्ण बिल गेलेलं नाही. खात्यात पगार शिल्लक होता, घरी पाठवायला पैसे उरले होते, आणि "उरलेलं पुढच्या महिन्यात भरू" असं मी स्वतःला सांगितलं. हे कोणी माझ्याकडून करून घेतलं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

१५ नोव्हेंबरच्या बिलात व्याजाचे १६२० आणि त्यावर जीएसटीचे २९२ रुपये होते. १९१२ रुपये. मला ती बँकेची चूक वाटली. महिन्याला साडेतीन टक्के तर साडेतीन टक्के, अकरा दिवस उशीर झाला, मग इतकं कसं?

तो हिशेब मला आत्याने समजावला, पण फेब्रुवारीत. आत्याने अठ्ठावीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरवर काढली आहेत. तिने माझी बिलं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि पेन्सिल घेतली. "साडेतीन टक्के महिना म्हणजे बेचाळीस टक्के साल," ती म्हणाली. "आता चोवीस हजारांवर बेचाळीस टक्के काढ." १०,०८०. "त्याला तीनशे पासष्टने भाग." २७ रुपये ६२ पैसे. "हे एका फ्रिजचं एका दिवसाचं व्याज. आणि ते चार नोव्हेंबरपासून सुरू नाही झालं. तू फ्रिज घेतलास त्या दिवसापासून, पाच ऑक्टोबरपासून सुरू झालं." तीस दिवसांचे ८२८ तिथेच झाले. बिनव्याजी म्हणून जे पंचेचाळीस-पन्नास दिवस सांगतात, ते पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळतात. थोडंसुद्धा मागे ठेवलं की मागच्या खरेदीला तिच्या तारखेपासून व्याज लागतं, आणि नव्या खरेदीला एकही मोकळा दिवस मिळत नाही. नोव्हेंबरात मी घेतलेल्या साबणालाही घेतल्या दिवसापासून व्याज लागत होतं.

माझा समज होता की इतक्या व्याजावर कुठेतरी सरकारी मर्यादा असेल. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने थकलेल्या कार्डबिलावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. थकलेल्या बिलावर आज ३६ ते ४५ टक्क्यांचा दर अनेक कार्डांवर सर्रास दिसतो.

डिसेंबर आणि जानेवारीतही मी बिल पूर्ण भरलं नाही. कार्डाची मर्यादा ४०,००० होती आणि डिसेंबरात थकबाकी तिच्या जवळ गेली. मर्यादेचा बराचसा भाग असा सतत वापरात राहिला की क्रेडिट स्कोअर खाली येतो, माझाही आला. त्याच दिवसांत एकदा फोन बंद पडला, डेबिट कार्ड घरी राहिलेलं, आणि स्वारगेटला मी याच कार्डाने एटीएममधून दोन हजार काढले. रोख काढण्याचा आकार अडीच टक्के, पण किमान ५०० रुपये. जीएसटी धरून ५९०. दोन हजारांसाठी.

पण आत्या खरी गप्प झाली ती दुसऱ्याच गोष्टीने. मी सहज बोलून गेले की दर महिन्याला दीड हजारांची आरडी चालू आहे, दोन वर्षं झाली. तिने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे छत्तीस हजार तुझे बँकेत पडून आहेत सहा-साडेसहा टक्क्यांनी, आणि इकडे तू बेचाळीस टक्के भरतेयस?" मी म्हटलं, ती आरडी मोडायची नाही असं ठरवलंय, ती माझी पहिली बचत आहे. तिने मला रागावलं नाही. इतकंच म्हणाली, "पतसंस्थेत बायका यायच्या, अंगावरचं डोरलं गहाण ठेवायच्या, पण भिशीचा हप्ता चुकवायच्या नाहीत. मला तेव्हाही वाईट वाटायचं." दुसऱ्या दिवशी आरडी मोडली आणि कार्डाचं बिल पूर्ण भरलं. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज आलं, तेही भरलं. त्या सहा महिन्यांत व्याज आणि त्यावरचा कर मिळून ६१४० रुपये गेले. कॅशबॅक मिळाला होता १३४०.

मला पुढची संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे कळलं की व्याजाचा प्रसंग आला नसता तरी हे कार्ड माझ्यासाठी नव्हतंच. मी आत्याला विचारलं होतं, आता दुसरं कोणतं घेऊ. ती म्हणाली, "कार्ड नंतर बघू. तुझी खर्चाची वही आण." माझ्याकडे वही नव्हती. आमच्या घरी बाबांची असते, दारामागच्या खिळ्याला अडकवलेली, किराणा-दूध-पेपर सगळं तारीखवार. मी पासबुकाचं पान छापून आणलं आणि एकेका ओळीवर आम्ही खूण करत गेलो. खोलीचं भाडं ९०००, मालकाच्या खात्यात. कार्डाने भरलंच तर वर आकार आणि कॅशबॅक शून्य. घरी पाठवायचे ६०००. डबा ३०००, काकूंना यूपीआयने. किराणा-भाजी २५००, तिथे तेव्हा कार्ड चालत नव्हतं. पेट्रोल १५००, वीज-गॅस-मोबाइल १४००, विम्याचा हप्ता ९००. या तिन्ही गोष्टी माझ्या कार्डाच्या कॅशबॅकमधून वगळलेल्या. आरडीचे १५००. हे सगळं खोडल्यावर पानावर ५००० रुपयांच्या ओळी उरल्या. त्यातले ऑनलाइन ३०००.

तीन हजारांवर ५ टक्के म्हणजे १५०, दोन हजारांवर १ टक्का म्हणजे २०. महिन्याला १७०, वर्षाला २०४०. फी वजा केली की ८६१. आणि फी माफ व्हायला दोन लाख लागत होते, माझा कार्डावर बसू शकणारा वर्षाचा खर्च साठ हजार. ते दोन लाख जमवायच्या नादात मी ऑफिसच्या मैत्रिणींची बिलंही माझ्या कार्डावर भरत होते आणि जे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं तेही ऑनलाइन मागवत होते. कॅशबॅकच्या मेसेजने मला दर वेळी काहीतरी कमावल्यासारखं वाटायचं. पाच टक्के परत मिळतात तेव्हा पंचाण्णव आपण खर्च केलेले असतात, हे वाक्य मला कोणी ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, खात्री नाही.

मार्चमध्ये मी ते कार्ड बंद केलं. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं असतं, पुढे उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. माझं पाचव्या दिवशी बंद झालं. मात्र साठलेला थोडा कॅशबॅक आधी वळता करून घ्यायचं राहिलं, तो गेला.

आताचं कार्ड साधं आहे. वार्षिक फी नाही, माझ्या सगळ्या कार्डखर्चावर सरसकट १ टक्का. वर्षाला सहाशे रुपये, म्हणजे आधीच्या कार्डाच्या कागदावरच्या हिशेबापेक्षा २६१ कमी. ते २६१ मी सोडले, कारण हे कार्ड मला कुठे खर्च कर आणि किती कर हे सांगत नाही. रुपे असल्याने ते यूपीआयला जोडता येतं. मी जोडलं होतं, पण पावाच्या लादीचे चाळीस रुपयेसुद्धा उधारीवर जायला लागले तेव्हा काढून टाकलं.

भावाने बिलं वाचली. डिसेंबरच्या बिलावर तळाशी बारीक अक्षरात एक इशारा आहे, दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलीत तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल. त्याने त्याच ओळीवर बोट ठेवून फोटो परत पाठवला. "ताई, हे तुला दिसलं नव्हतं?" मी खरं ते सांगितलं, दिसलं होतं.

मग त्याने आपली वही केली. भाडं, खानावळ, बस, घरी पाठवायचे. त्याचे कार्डावर जाण्यासारखे चार हजारच निघाले. त्याने आधीची तिन्ही बाजूला ठेवली आणि पगाराच्या बँकेत वीस हजारांच्या एफडीवर फी नसलेलं कार्ड मागितलं. परवा रात्री फॉर्म भरताना त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. ऑटो-डेबिटचे तेच दोन चौकोन होते. किमान रकमेवर आधीच टिक होती.

"ही काढू ना?" त्याने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत त्याने ती काढून दुसऱ्या चौकोनात केली.