दहा बाय बाराची खोली आणि हातातला उजेड

आमच्या लहानपणी रात्री दिवा मालवण्याचा हुकूम वडिलांचा असे. ते सफाई खात्यात होते, पहाटेची हजेरी असायची. त्यामुळे दहा वाजले की घरातला चाळीस वॅटचा पिवळा बल्ब बंद व्हायचा. ज्याचा अभ्यास उरला असेल त्याने गॅलरीतल्या दिव्याखाली जाऊन बसावे, हा चाळीचा रिवाज होता. आता खोली तीच दहा बाय बाराची आहे आणि माणसेही तेवढीच आहेत. पण दिवा मालवला तरी अंधार होत नाही. चटईवर चौघे झोपतात आणि चौघांच्या तोंडावर चार मोबाइलचा उजेड असतो.

आम्ही दिवसा कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीच्या विहारातील अभ्यासिकेत बसतो. तिथे मुलांपेक्षा मुलांच्या आयाच जास्त येऊन बोलतात. पोराचे डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते, सकाळी हाक मारून उठत नाही, वर्गात पेंगतो. कोणी सांगते की मोबाइलच्या उजेडाने डोळ्याचा पडदा जळतो. कोणी सांगते की निळी काच बसवलेला चष्मा घेतला की सगळे ठीक होते. आम्ही बी.कॉम. झालेले, नेत्रवैद्य नव्हे. पण जमाखर्च ताडून पाहायची सवय हाडात मुरलेली. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात रांगेत उभे राहून विचारले, मिळेल ते वाचले आणि डोळ्यांचे खाते वेगळे, झोपेचे खाते वेगळे, अशी मांडणी केली. या दोन खात्यांची सरमिसळ झाली की माणूस नको तिथे पैसे घालवतो.

आधी डोळ्यांचे पाहू. उजेड मोजण्याचे माप लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी उघड्यावर दहा हजारांच्या आसपास, ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर ते तीनशे आणि तोंडाजवळ धरलेल्या मोबाइलचा काही दशकांत. म्हणजे बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आमच्या मावशीच्या डोळ्यांत तासाभरात जेवढा निळा उजेड जातो, तेवढा मोबाइल रात्रभर पाहून जात नाही. पडद्याच्या उजेडाने डोळ्याचा पडदा जळतो, याला आधार नाही.

मग चुरचुरते ते का? पापण्या मिटत नाहीत म्हणून. माणूस साधारणपणे मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे मिटणे निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली जाते. थर सुकतो आणि डोळ्यात वाळू गेल्यासारखे होते. त्यात वर पंखा फुल्ल. शिवाय मोबाइल वीतभर अंतरावर धरलेला, अक्षरे मुंगीएवढी. जवळचे पाहण्यासाठी डोळ्याच्या आतला स्नायू आवळावा लागतो. तो तासन् तास आवळलेला राहिला तर दुखणारच. आपण तासभर मूठ घट्ट मिटून ठेवली तर हात दुखतो, तसाच हा प्रकार.

डॉक्टर सांगतात तो उपाय फुकटचा आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहावे. आता दहा बाय बाराच्या खोलीत वीस फूट आणायचे कुठून, हा प्रश्न आम्हाला पडला होता. दारात यावे आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पाहावी, हे त्याचे उत्तर. पापण्या मुद्दाम दहा वेळा सावकाश मिटाव्यात. अक्षर मोठे करावे, त्याला पैसे पडत नाहीत. मोबाइल कोपरापासून हातापर्यंतच्या लांबीएवढा दूर धरावा. काळोखात एकटा पडदा लखलखत ठेवू नये. अभ्यास करायचाच असेल तर जवळ लहान दिवा असावा आणि पडद्याचा उजेड त्याच्या बेताचा करावा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. आमच्या कचेरीत सुरुवातीला मोठ्या पोटाचे मॉनिटर होते, त्यांच्यापुढे काळी काच टांगलेली असे आणि ती काच आहे म्हणून सगळे निर्धास्त असत. संध्याकाळी डोळे चोळणे काही थांबले नव्हते.

आमच्या वयाच्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठ होत जाते, जवळचे दिसेनासे होते आणि माणूस पेपर लांब धरतो. हल्ली त्याचेही खापर मोबाइलवर फुटते. आमच्या आजीने आयुष्यात मोबाइल पाहिला नाही, पण सुईत दोरा ओवायला तिला नातवंडे लागत. जवळच्या चष्म्याला आपल्याकडे 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नव्हे.

आता निळ्या काचेविषयी. चार घरची धुणीभांडी करणारी एक भगिनी मुलाला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली. मुलाला फळ्यावरचे दिसत नव्हते. दुकानदाराने नंबर काढला आणि वर सांगितले की मोबाइलच्या किरणांपासून संरक्षणाची काच घ्या, सहाशे रुपये जास्त. नाही घेतली तर पुढे मुलाच्या डोळ्यांची जबाबदारी तुमची! आईच्या काळजाला हात घालून केलेला हा धंदा. ती पैसे देण्याआधी आमच्याकडे आली हे बरे झाले. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने या चष्म्यांच्या १७ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. साध्या काचेपेक्षा या काचेने डोळ्यांचा शीण कमी होतो असे त्यात बहुधा आढळत नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. मुलाला गरज होती ती योग्य नंबरच्या साध्या चष्म्याची. शाळकरी मुलांची नेत्रतपासणी आणि ज्यांना लागेल त्यांना मोफत चष्मा, ही सोय सरकारच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. शाळेत मास्तरांना आणि सरकारी रुग्णालयात जाऊन विचारावे. विचारायला लाजू नये.

मुलांचा नंबर वाढतो त्याचे एक मोठे कारण म्हणजे मुले उघड्यावर खेळत नाहीत. तैवान देशात लहान मुलांत चष्म्याचे प्रमाण फार वाढले, तेव्हा २०१० पासून तिथल्या शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर उजेडात ठेवायचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढच्या वर्षांत मुलांची नजर सुधारल्याचे दिसले. आमच्या वस्तीत मैदान होते, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. यावर नगरसेवकाच्या दारात जायचे ते आम्ही जातोच आहोत. तोवर शाळेचे पटांगण, रस्त्याकडेचे झाड, काहीही चालेल. सावलीतसुद्धा घरापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. दोन वर्षांखालच्या बाळाला तर पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. घास भरवताना मोबाइल हातात देण्याची पद्धत पडली आहे, तिचा विचार व्हावा.

आता झोपेचे खाते. इथे मात्र उजेडाच्या नावावर खरोखरच काही रक्कम पडते. १९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या कातडीतल्या पेशींत उजेड ओळखणारे एक द्रव्य सापडले. त्याला मेलानोप्सिन म्हणतात. पुढे ते माणसाच्या डोळ्यांतही निघाले. २००२ साली डेव्हिड बर्सन यांनी दाखवले की डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी आपल्या आपण उजेड टिपतात. या पेशी चित्र पाहत नाहीत. दिवस आहे की रात्र, एवढेच त्या मेंदूला कळवतात. आकाशाच्या निळ्या रंगाला त्या सर्वांत जास्त दाद देतात, आणि ते सरळच आहे, कारण निळे आकाश म्हणजे दिवस. रात्र झाल्याचा निरोप मिळाला की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीर झोपेची तयारी करते. मोबाइलचा पांढरा दिवा मुळात निळ्या दिव्यापासूनच बनवलेला असतो. तो निळा एलईडी शोधणाऱ्या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा रात्री अकराला हा उजेड डोळ्यात गेला की आतल्या पेशी मेंदूला चुकीचा निरोप देतात. दिवस आहे, काम चालू ठेव!

पण इथेही हिशेब नीट मांडला पाहिजे. अमेरिकेत बोस्टन येथे १२ जणांवर एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१४ च्या अखेरीस आला. झोपण्यापूर्वी चार तास, काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री उजळ पडद्यावरचे पुस्तक, असे त्यांना वाचायला दिले. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि मेलाटोनिन कमी आढळले. दहा मिनिटे! आमच्या अभ्यासिकेतली मुले तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असतात. बाकीचे तास कुणाच्या नावावर टाकायचे? ते आहेत पडद्यावर जे चालले आहे त्याच्या नावावर. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते, गेममध्ये एक पायरी राहिलेली असते, नातेवाइकांच्या ग्रुपवर भांडण पेटलेले असते. मोबाइलमध्ये पडदा पिवळसर करायची सोय आहे, ती अवश्य चालू करावी, उजेडही उतरवावा. मात्र पिवळ्या पडद्यावरचे भांडण हे भांडणच असते.

आणखी एक उपाय आहे, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. ज्याने दिवसा भरपूर उजेड पाहिला त्याच्यावर रात्रीच्या उजेडाचा परिणाम कमी होतो. दिवसभर अंधाऱ्या कारखान्यात किंवा बंद काचांच्या कचेरीत बसणाऱ्यांनी सकाळी अर्धा तास तरी पायी चालावे. बसच्या दोन थांब्यांएवढे चालले तरी काम होते आणि तिकीटही वाचते.

खरी अडचण आहे ती एका खोलीची. पुस्तकांत लिहिलेले असते की मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा. आमच्याकडे झोपण्याची खोली, स्वयंपाकघर आणि अभ्यासाची खोली एकच. बाप पहाटे साडेचारला उठणार आणि मुलगा स्पर्धा परीक्षेची तासिका मोबाइलवर पाहणार. त्या मुलाला 'मोबाइल बंद कर' म्हणणे म्हणजे 'शाळा बंद कर' म्हणण्यासारखे आहे. ज्याला हजारो रुपयांचा क्लास परवडत नाही त्याचा तोच क्लास आणि तेच ग्रंथालय. पण साडेचारला उठून गटारात उतरणाऱ्या किंवा बस चालवणाऱ्या माणसाची झोप मोडली तर त्याचा हात-पाय जाऊ शकतो, हेही तेवढेच खरे आहे. दोघांचेही चालले पाहिजे.

काही घरांनी यातून वाट काढली आहे. पडद्यावर पाहायचे ते साडेनऊच्या आत उरकायचे आणि शेवटचा तास कागदावरच्या टिपणांचा ठेवायचा. ज्याला उशिरा पाहणे भागच आहे त्याने दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसायचे, म्हणजे पडद्याचा उजेड थेट झोपणाऱ्यांवर पडत नाही. व्याख्यान नुसते ऐकण्याजोगे असेल तर पडदा बंद करून कानात घालून ऐकायचे. चार्जिंग ओट्यावर, उशाशी नाही. गजराला जुने घड्याळ. रात्रपाळीवरून येणाऱ्या भावाबहिणींचे उलटे असते. त्यांची रात्र दिवसा. खिडकीला जुनी गोधडी लावावी, घरी आल्यावर मोबाइल हातात न घेता झोपावे आणि घरच्यांनी दुपारपर्यंत टीव्ही लावू नये. एवढे आपल्या माणसासाठी करता येते.

काही जण आम्हाला बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचा दाखला देतात. एप्रिलमध्ये अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात, आम्हीही त्यात बसतो. पण तिथे सगळे मोबाइल बाजूला ठेवून समोर एक पुस्तक असते. रात्री दोनला अंगठा वरखाली करण्याला त्या नावाचा आधार देऊ नये, एवढेच आम्ही मुलांना सांगतो.

डोळा अचानक लाल होऊन दुखला, नजर एकाएकी अंधुक झाली, वीज चमकल्यासारखे दिसू लागले, तर घरगुती थेंब न घालता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असणाऱ्याने नजर कमी झाली की मोबाइलला बोल लावत बसू नये. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून आतला पडदा तपासून घ्यावा.

अभ्यासिकेत यंदा मुलांनीच ठरवले आहे की शेवटच्या तासाला मोबाइल टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. दोघांनी हरकत घेतली. एकाची आई रात्रपाळीला रुग्णालयात असते आणि दुसऱ्याची आजी अंथरुणावर आहे, फोन केव्हाही येऊ शकतो. मुलांनी पुन्हा बसून चर्चा केली. त्या दोघांचे फोन आता पडदा खाली करून त्यांच्या समोरच राहतात, घंटी चालू ठेवून.